पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी, गल्लीभर जुलाब: बिघाड नेमका कुठे शोधायचा

मृगाचा पाऊस चार दिवस लागून पडला की बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या जांभ्या पट्ट्यापासून निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानापर्यंत गावोगाव एकच तक्रार सुरू होते. नळाची पहिली घागर लालसर येते, पाण्याला गटारीचा नाहीतर कुजक्या पाल्याचा वास मारतो, आणि आठवडा उलटायच्या आत एखाद्या गल्लीतली पोरं जुलाबानं आडवी होतात. पंचायत टाकी धुऊन घेते, ब्लिचिंग पावडर टाकते. पंधरा दिवस बरे जातात. पुढचा मोठा पाऊस झाला की पुन्हा तेच.

दरवर्षी होतं म्हणून लोक त्याला हवाबदल म्हणतात. पण हवा सगळ्या गावाला सारखीच असते. वरच्या गल्लीत सगळे ठणठणीत आणि खालच्या गल्लीत दर दोन घरांमागे एक आजारी, असं असेल तर खोट हवेत नाही, त्या गल्लीच्या पाइपात आहे. ही गोष्ट हलक्यानं घेऊ नका. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यातल्या मुदेनूरला दूषित पाणी पिऊन माणसं दगावली आहेत.

घरोघरी नळाचं पाणी द्यायच्या सरकारी जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट वापरायला गावातल्या पाच बायकांना शिकवायचं असं ठरलं आहे. आमच्या गावात त्या पाचांतली मी एक. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय: पावसाळ्यात दरवर्षी परत येणाऱ्या या बिघाडाचं मूळ टाकीत क्वचितच असतं. ते टाकी आणि घागर यांच्या मधल्या वाटेवर असतं, आणि म्हणूनच नुसती टाकी धुऊन ते जात नाही.

घरात कुणी आजारी असेल तर तपासणी नंतर

जुलाब सुरू झाले की पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस द्या. मोठी पुडी असेल तर एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी; अर्धी पुडी अंदाजानं अर्ध्या तांब्यात टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त पडलं तर लहान मुलाला ते बाधतं, म्हणून चमचा बोटानं सपाट करून घ्या. अंगावरचं दूध बंद करू नका. सहा महिन्यांपुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम झिंकची गोळी रोज एक अशी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले तरी गोळी थांबवायची नाही. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला निम्मी. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे मिळतं.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा तांदळाच्या पेजेसारखे पांढरट पातळ जुलाब व्हायला लागले तर घरी बसू नका. १०८ ला फोन करा. पेजेसारखे जुलाब मोठ्या माणसाला झाले तरी त्याच दिवशी आशाताईंच्या कानावर घाला, कारण तो एका घराचा प्रश्न राहत नाही.

तपास पूर्ण होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच प्यायचं. चांगलं खळखळून उकळी आली की एक मिनिट ठेवलं तरी जंतू मरतात. वीस मिनिटं सरपण जाळायची गरज नाही. लोक कोमट करून सोडून देतात, त्याचा मात्र काही उपयोग नाही. पाणी गढूळ असेल तर आधी जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या करून त्यातून गाळून घ्या.

आणि काविळीचं एक वेगळं ध्यानात ठेवा. पाण्यातून येणारी कावीळ दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे श्रावणात डोळे पिवळे झाले तर दोष ज्येष्ठ-आषाढातल्या पाण्याचा असतो. त्या दिवशी नळ तपासून "पाणी तर चांगलं आहे" म्हणणं फसवं ठरतं. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते. तिला झाडपाल्याच्या औषधावर ठेवू नका, दवाखान्यात न्या.

एकाच सकाळी चार जागी

शोधायची रीत सोपी आहे. टाकीत टाकलेल्या ब्लिचिंग पावडरीतला जंतू मारणारा क्लोरीन वाटेत जिथे संपतो, तिथे घाण आत शिरते. क्लोरीन घाणीवर खर्च होतो, म्हणून तो कुठे नाहीसा झाला हे कळलं की गळती कुठे आहे ते कळतं.

ज्या दिवशी पाणी सुटणार त्या सकाळी चार जागचं पाणी तपासा: टाकीच्या तोंडाशी, टाकीजवळच्या पहिल्या नळाला, गल्लीच्या टोकाच्या शेवटच्या नळाला आणि त्याच शेवटच्या घरातल्या भरून ठेवलेल्या घागरीत. किटमधल्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग पट्टीशी जुळवायचा. पिवळा रंग येणारं किट असेल तर लगेच बघा. रेंगाळत बघितलं तर रंग चढत जातो आणि आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसतो. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम दर लिटरला मिळायला हवा. साथीची भीती असेल तेव्हा ०.५ पर्यंत असलेला बरा.

आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा गावाला पाणी सोडणारे वॉटरमनमामा जरा दुखावले होते. "अक्का, मी टाकीत पावडर टाकतोय की रोज," म्हणाले. आणि ते खरंच होतं. टाकीशी पिवळाधमक रंग आला, पहिल्या नळाला ठीक आला, आणि खालच्या गल्लीच्या टोकाला पाणी तसंच कोरं. मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, मग तेच पुढे होऊन पाइप कुठून गेलाय ते दाखवायला लागले. वॉटरमनला दोष द्यायला जाऊ नका, त्याला सोबत घ्या. जमिनीखाली काय आहे ते गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आता निकाल कसा वाचायचा. टाकीशीच रंग नाही, तर पावडर कमी पडतेय किंवा जुनी झालीय. ताज्या ब्लिचिंग पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, गोळे झाले की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना राहतो. मग कितीही टाका. टाकीशी आहे, शेवटच्या नळाला नाही, तर पाइप फुटलाय किंवा नळाच्या खड्ड्यात घोळ आहे. नळाला आहे आणि घागरीत नाही, तर घरातल्या हाताळणीकडे बघायचं.

क्लोरीन गेला म्हणजे जंतू आलेच असं नाही, पण दार उघडं राहिलं एवढं नक्की. खात्रीसाठी काळी पडणारी बाटली असते, एचटूएस बाटली म्हणतात ती. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचं आणि २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचा अंश असण्याची दाट शक्यता. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी गारठ्यात बाटली चुलीजवळच्या उबदार फळीवर ठेवा, नाहीतर जंतू असूनही रंग उशिरा बदलतो. नळ स्वच्छ पुसून, पाणी थोडं वाहू देऊन मग बाटली भरा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका.

नळाचा खड्डा

सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाण्याला जोर कमी पडला की लोक नळ खाली उतरवतात. आधी तोटी काढतात, मग उभा पाइप कापतात, मग अंगणात दीड-दोन फुटांचा खड्डा काढून त्यात घागर बसेल अशी सोय करतात. जितकं खाली तितकं पाणी जास्त, हे खरंच आहे. पण त्या खड्ड्यात काय साचतं तेही बघा: भांडी घासल्याचं पाणी, गोठ्यातून वाहत आलेलं, पावसात शेजारच्या गटारीचं. पाइपाचं तोंड त्या पाण्यात बुडून राहतं.

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी तासभर. पाणी चालू असतं तोवर पाइपात दाब असतो आणि गळती असली तरी पाणी आतून बाहेर जातं. वॉल्व्ह बंद झाला की पाइपातलं पाणी उताराकडे ओढलं जातं, मागे पोकळी होते आणि मग उलटं सुरू होतं: खड्ड्यातलं, गटारीतलं पाणी आत शोषलं जातं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. पहिली लालसर घागर ती हीच. आणि ती फक्त खड्डा असलेल्याच्या घरी येत नाही. त्याच्यापुढच्या सगळ्या घरांना जाते, त्यांचे नळ कितीही नीटनेटके असोत. म्हणून एकट्यानं आपला नळ सुधारून भागत नाही, गल्लीनं मिळून करावं लागतं.

खड्डे बुजवा. नळ जमिनीपासून हातभर वर घ्या, खाली सिमेंटचा ओटा करा, त्याचं पाणी परड्यातल्या शोषखड्ड्यात नाहीतर केळीच्या आळ्यात सोडा. नळाला तोटी बसवा. तोटी नसलेला नळ म्हणजे गटारीला सोडलेलं उघडं तोंड. तोटी काढून टाकणारे लोक म्हणतात, पाणी सुटलेलं कळत नाही. त्यावर उपाय वेळ ठरवून घेणं हाच आहे.

"नळ वर घेतला तर आमच्याकडे पाणीच चढत नाही, अक्का," हे मी खालच्या-वरच्या दोन्ही गल्ल्यांत ऐकलंय, आणि ती अडचण खोटी नाही. तिथे पंचायतीनं गल्लीवार वॉल्व्ह लावून पाणी वाटून सोडायला हवं, म्हणजे एका वेळी कमी घरं आणि दाब पुरेसा. जलजीवनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. तेवढं मिळत नसेल तर ती मागणी करायचा हक्क आहे, पण खड्डा खणून ती भागत नाही.

नळाला थेट मोटर लावणं हे याच दुखण्याचं मोठं रूप. मोटर पाइपातून नुसतं पाणी ओढत नाही. जिथे चीर असेल तिथून बाहेरची घाणही ओढते. शिवाय शेजारच्याचं पाणी जातं. आणि ओल्या खड्ड्यात ठेवलेली मोटर, जोड दिलेली उघडी वायर, पायाखाली चिखल... शॉक लागून जीव जायला आणखी काय लागतं? मोटर हवीच असेल तर नळाचं पाणी आधी जमिनीवरच्या पिंपात साठवा, आणि पिंपातून वर चढवा. अर्थिंग नीट आहे का ते बघून घ्या.

खड्डे बुजवूनही टोकाला क्लोरीन येत नसेल तर पाइप गटारीतून किंवा गटारीखालून कुठे जातो ते वॉटरमनसोबत चालत बघा. पाणी सुटल्यावर रस्त्यात एकाच जागी ओल येते, गवत उन्हाळ्यातही हिरवं राहतं, गटारीत स्वच्छ पाण्याची धार दिसते. त्या जागेवर खूण करा. रबराची पट्टी गुंडाळून केलेला जोड पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही. तेवढा तुकडा कापून नवा घालायला लावा, आणि शक्य असेल तिथे पाइप गटारीच्या वरून न्या.

घागरीतलं पाणी

इथे थोडक्यात. पिण्याची घागर झाकलेली, ओट्यावर उंच ठेवलेली, आणि तिच्यात हात बुडणार नाही एवढी काळजी. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तळाला तोटी असलेली टाकी असेल तर उत्तम. घागर रोज आतून घासायची. आत बुळबुळीत लागली की जंतूंचा थर बसलाय असं समजा. क्लोरीनची गोळी वापरत असाल तर पाकिटावर किती लिटरला एक ते वाचून टाका, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

ब्लिचिंग पावडर घरात ठेवलीत तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवा. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर येतो.

विहिरीचं पाणी पीत असाल तर

खानापूरच्या पश्चिमेला घराच्या आडाचं पाणी पिणारी घरं अजून आहेत. जांभा दगड भोकाभोकांचा असतो. वरचं पाणी त्यातून फार गाळलं न जाता खाली उतरतं. म्हणून तिथे पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी आडाचं पाणी चढतं, आणि त्यासोबत उकिरड्याचं, संडासाच्या खड्ड्याचंही येऊ शकतं. संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा असं सांगतात. जांभ्यात मी त्याहून जास्तच अंतर मागेन, आणि खड्डा उताराच्या वरच्या अंगाला कधीच नको.

पावडरीचा हिशेब घरी करता येतो. विहिरीची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, ३.१४ नं गुणून ४ नं भागा. जे येईल ते हजार लिटर. दहा फूट रुंद विहीर, म्हणजे साधारण ३ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. हे स्वच्छ पाण्याचं माप. गढूळ पाण्याला जास्त लागते, किती ते किटवरच कळतं.

पावडर थेट विहिरीत भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं चुना तळाला बसू द्या. वरचं निवळ तेवढंच दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोरानं विहिरीत सोडून खालीवर हलवा. चुना विहिरीत टाकला तर पाणी जड होतं. हे रात्री करावं, म्हणजे सकाळपर्यंत कुणी पाणी ओढत नाही. घाई असेल तर निदान तासभर थांबा आणि चाचणी घेऊन मगच वापरा. विहिरीला कठडा आणि भोवती सिमेंटचा ओटा नसेल तर मात्र हे दर पावसानंतर करत बसावं लागेल.

जे पावडरीनं जात नाही

पाणी काढताना निवळ, पण तासाभरानं तांबूस होतं, भांड्याला आणि भाताला रंग चढतो, हे लोहाचं लक्षण. कोऱ्या चहात ते पाणी घातलं की चहा काळपट पडतो; साध्या मातीनं तसं होत नाही. लोहानं जुलाब होत नाहीत. रात्रभर उघड्या भांड्यात निवळू देऊन वरचं पाणी गाळून घेतलं की बरंचसं जातं.

नायट्रेटचं प्रकरण वेगळं आणि जास्त काळजीचं. चिकोडी-निपाणी-रायबागकडे उसाला खत भरपूर पडतं, गोठे विहिरीला लागून असतात. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि उकळल्यानं ते कमी होत नाही, उलट पाणी आटून वाढतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात पावडरीचं दूध कालवून देऊ नका. बाळ निळं पडू शकतं. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचंही तसंच, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी पिण्यात नको. या दोन्हीसाठी दुसरा स्रोत किंवा आरओ हाच मार्ग.

गावातल्या शुद्ध पाण्याच्या घटकात नाणं टाकून कॅन भरून आणता ना? ते पाणी यंत्रातून निघतं तेव्हा चांगलं असतं, पण त्यात क्लोरीन नसतो. कॅन आतून हिरवट, शेवाळलेला असेल तर घरी येईपर्यंत ते पाणी नळाच्या पाण्याइतकंच होतं. कॅनचं तोंड अरुंद, हात जात नाही. मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून जोरात हलवा, मग खळखळून धुवा.

पंचायतीकडून काम करून घेताना

तोंडी तक्रार करू नका. अर्ज पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या नावे, शक्यतो कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. कन्नड लिहिणारी पोरं आता प्रत्येक गल्लीत आहेत. अर्ज कन्नडमध्ये असला की तो तालुक्याला जाताना भाषेच्या नावाखाली अडकत नाही, आणि पाण्यासाठी मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आवक नंबर आणि शिक्का मारलेली पोच घ्या. अर्जात "पाणी खराब येतं" एवढंच लिहू नका. तारीख, चार जागांचे क्लोरीनचे आकडे, काळ्या बाटलीचा फोटो, खूण केलेल्या गळतीची जागा, आणि गल्लीत किती घरी आजार आहे ते आशाताईंना विचारून लिहा. असा कागद हातात असला की "बघतो" म्हणून परत पाठवणं सोपं राहत नाही. सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवायची मागणीही त्याच अर्जात घाला, आणि अहवाल आला की तो पंचायतीच्या फलकावर दोन्ही भाषांत लावायला सांगा. म्हाताऱ्या माणसांना कन्नड वाचता येत नाही, आणि पाणी तर त्यांनाही तेच प्यायचंय.

पाइप बदलून झाला, खड्डे बुजले, तरी लगेच काम पूर्ण धरू नका. कोरड्या दिवसात सगळे पाइप चांगलेच वाटतात. पहिला मोठा पाऊस होऊ द्या, पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याच चार जागी पुन्हा चाचणी घ्या. टोकाच्या नळाला क्लोरीन दिसला तरच ठेकेदाराचं शेवटचं बिल निघावं, असा ठराव ग्रामसभेत आधीच लिहून घ्या.